सात वेढे

गोजाबाईने कोयता कमरेच्या आकडीला अडकवला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि उंबऱ्यातूनच परत मागे वळली.

"अवो, परत ऐका. घुटीत सगळ्यांचा एकेक वेढा. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा. आन् जायफळाचा बी एकच. दुसरा नाय. झोपेचं फळ हाय ते."

"कळलं गो. तीनदा सांगितलंस."

"तीनदा सांगितलं तवा एकदा शिरतं तुमच्या कानात. बाकी टाइम ध्यान पुस्तकात."

पांडूने मान खाली घातली. कोणी काही बोललं की मान खाली घालायची ही त्याची जुनी सवय. गावच्या शाळेत तीस वर्षं तो शिपाई होता. घंटा द्यायची, पाणी भरायचं, पटांगण झाडायचं आणि सगळे गेले की कपाटातलं एखादं पुस्तक काढून पायरीवर वाचत बसायचं. कपाट संपलं तेव्हा त्याने ते पुन्हा पहिल्या पुस्तकापासून वाचायला घेतलं. एवढं वाचूनही चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आपलं चुकत असणार, हेच त्याच्या मनात आधी यायचं.

काल रात्री मात्र तो बोलला होता. जेवणं चालली होती. सून संघरत्ना ताटात नुसती बोटं फिरवत होती. ती अंगणवाडी सेविका. बाळंतपणाची रजा संपली होती आणि उद्या शहापूरला बैठक. मनाली अडीच महिन्यांची. पहिलं बाळंतपण माहेरी धसईला झालं होतं, आणि पाचच दिवसांपूर्वी लेकीला आणि नातीला पोचवायला तिची आई कमळबाई सोबत आली होती.

"दूध काढून ठेवीन वाटीत," संघरत्ना म्हणाली, "पर बघणार कोण? आत्या कवळं तोडायला जाणार. आये धुणं घेऊन नदीवर."

कवळं म्हणजे झाडांच्या पाल्याच्या फांद्या. त्या वाळवून शेतात पसरायच्या आणि उन्हाळ्यात भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपाला जमीन तयार होते. वाडीतल्या बाया आळीपाळीने एकमेकींकडे जात. उद्या गोजाबाईने जायची पाळी होती, ती चुकवली तर आपल्या वेळेला कोणी येणार नव्हतं.

"बैठकीला पोरगी घेऊन जा," सतीश म्हणाला. हा पांडूचा मुलगा. पहाटे आसनगावला जाऊन गाडी धरायची आणि कल्याणच्या कारखान्यात ड्यूटी करायची, यापलीकडे घरातलं त्याला फारसं सुचत नसे.

"जीपमधी कोंबून? अडीच महिन्यांची?" संघरत्नाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला लागला.

"मी हाय ना," पांडू म्हणाला.

तिन्ही बायका त्याच्याकडे बघत राहिल्या.

"घुटी मी देऊन जाते," कमळबाई जरा वेळाने म्हणाली. "माझ्या पिशवीतलं जायफळ बेस हाय."

"नको ईनबाय, तुमी पाव्हण्या," गोजाबाई गोड आवाजात म्हणाली. "ह्या घरची घुटी ह्या घरच्या सहाणेवर. आमचे हे देतील."

घुटीवरून दोघींचं पाच दिवस चाललं होतं. कमळबाईने धसईहून आणलेली मुळ्यांची पिशवी गोजाबाईने एकदाही उघडू दिली नव्हती. विहिणीच्या हाती सहाण देण्यापेक्षा तिने ती नवऱ्याच्या हाती दिली, ती अशी.

"बाप्याच्या हातची घुटी!" कमळबाई हसली. "बगा हां व्याही, सहाणेवर खडू नका उगाळू."

आता सकाळचे नऊ वाजून गेले होते. संघरत्ना साडेआठच्या जीपने गेली होती, जाताना तीनदा परत येऊन मुलीचा वास घेतला होता. गोजाबाई आंघोळ घालून गेली. कमळबाई धुण्याची टोपली घेऊन उतरली. घरात पांडू आणि मनाली.

अंघोळीनंतर थोडा वेळ बरी होती. मग तिने ओठ काढला आणि जो आवाज लावला तो लावलाच. पांडूने पाळणा हलवला. वाटीतलं दूध चमच्याने दिलं, तिने ते गालावरून बाहेर काढलं. उचलून घेतली, तर हातात मावेना अशी ताठ झाली. तिच्या मनगटाला परित्राणपाठाच्या दिवशी भंतेजींनी बांधलेला पांढरा दोरा होता. तो हात ती हवेत असा मारत होती, जणू कोणाला हाक मारतेय.

शेजारची बारकी कुडापलीकडून ओरडली, "आबा, काय चिमटं काढताय काय पोरीला?"

पांडूला कानकोंडं झालं. वाटलं, आता सगळी वाडी ऐकतेय. आता नदीवरून कमळबाई येईल आणि म्हणेल, म्हटलं नव्हतं?

त्याने सहाण घेतली. वाटीतल्या दुधाचे चार थेंब टाकले. वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचा एक, मुरडशेंगेचा, हिरड्याचा. वेढा म्हणजे सहाणेवर मूळ दाबून एकदा गोल फिरवायचं. मग जायफळ. एक.

सहाणेवर काही उतरलेलं दिसलं नाही. पाळण्यात मनाली रडून रडून काळीनिळी होत होती. झोपेचं फळ हाय ते. पांडूने आणखी एक फिरवला. मग तिसरा. चौथ्याला वास आला. हात थांबायला हवा होता, थांबला नाही. पाच, सहा, सात. शाळा सुटायची घंटा तो सात टोल द्यायचा, सातव्या टोलाला पोरं उधळायची आणि मग सगळं शांत व्हायचं. सातव्या वेढ्याला त्याने जायफळ खाली ठेवलं.

करंगळीने चाटवलं. मनालीने चटचट तोंड वाजवलं. अर्ध्या तासाने ती झोपली. पांडूने पाळण्यावर फडकं टाकलं, आडव्या वाशाखाली पुस्तक घेऊन बसला, आणि बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं असं त्याला वाटलं, की हे आपल्याला जमलं.

कमळबाई आली तेव्हा अकरा वाजायला आले होते. तिने ओली लंगोटं दोरीवर टाकता टाकता आत डोकावलं.

"निजली?"

"निजली."

"आन् रडली बिडली नाय?"

"थोडी."

"नवलच हाय बाय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

साडेअकराला दुधाची वेळ झाली. कमळबाई म्हणाली, निजलेल्या पोराला उठवू नये, झोप अंगी लागते. पांडूने हो म्हटलं. पण पानावरच्या ओळी त्याला आता दिसत नव्हत्या. तो उठून पाळण्याशी गेला. मनालीचा हात छातीवर होता. पांढरा दोरा वर जाई, मग बराच वेळ तिथेच राही, मग खाली येई. पांडूने तिच्या तळपायाला बोट लावलं. पाय आखडला नाही. जरा जोराने घासलं. तेव्हा पाय हलला, पण हळू, जसं पाण्यातून हलावं तसा.

तो परत येऊन बसला. सांगावं का कमळबाईला? काय सांगायचं? सात दिले म्हणून? एकच दे म्हटलं होतं. गोजाने तीनदा सांगितलं होतं. कदाचित काही नसेल, थकली असेल रडून. मूल झोपलं म्हणून ओरड केली तर हसतील. असं म्हणत त्याने आणखी एक तास घालवला. पुढे आयुष्यभर तो एक तास त्याला पुरला.

साडेबाराला गोजाबाई घामाने निथळत आली. तिने अंगावरचा पाला झाडला. "निजली? दिली घुटी?" तिने विचारलं. "दिली," तो म्हणाला. "एकेक?" तिने विचारलं आणि उत्तर न ऐकताच मोरीवर गेली. पांडूच्या ओठांपर्यंत आलेलं तिथेच राहिलं.

पाठोपाठ संघरत्ना आली. जीपच्या थांब्यापासून पळत आली असावी. पदराखाली पोलकं दुधाने भिजलं होतं. चपला ओट्यावर फेकून ती सरळ पाळण्याशी गेली.

"मने, ए मने, आली गो तुझी आय." तिने उचलली आणि छातीशी धरली. मुलीचं तोंड उघडलं नाही. मान मागे कलली. "मने? मने!" तिने गालावर टिचकी मारली. परत मारली. "आत्या! ही बघा! ही उठत नाय!"

गोजाबाई ओल्या हातांनी धावली. तिने मुलीच्या तोंडावर पाणी शिंपडलं. डोळे अर्धवट उघडले, बुबुळं वर गेली, परत मिटले.

"काय दिलं हिला?" गोजाबाईने वास घेतला. तोंडाचा, झबल्याचा. मग ती सावकाश कमळबाईकडे वळली. "जायफळ घमघमतंय. ईनबाय, तुमची पिशवी कुठं हाय?"

"माझी पिशवी खुंटीला हाय. मी हात बी लावला नाय."

"मग एका वेढ्याचा इतका वास येतो?"

"मला काय इचारता! मी नदीवर होते!"

"कवा आलात नदीवरनं? आमच्या घुटीनं पोर रडतं म्हणून पाच दिस बोलताय तुमी. दिलीत ना तुमची? गुपचूप दिलीत ना?"

"आये," संघरत्नाचा आवाज चिरकला, "दिलीस का? खरं सांग. दिलीस का तू?"

"तुझ्या गळ्याची आन गो पोरी," कमळबाईच्या हातातलं सूप खाली आलं, तांदूळ सांडले. "मी नाय दिली. माझी नात हाय ती!"

पांडू भिंतीला टेकून उभा होता. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्यात संघरत्ना मुलीला घेऊन बाहेर पळाली आणि सगळे तिच्यामागे पळाले.

थांब्यावर जीप उभी होती. ड्रायव्हर बुधू टपावर पाय सोडून विडी ओढत होता. "जयभीम आबा. चार सीट भरू दे, मग..." त्याने मुलीची लोंबती मान पाहिली, विडी टाकली आणि खाली उडी मारली. "बसा."

 रस्ताभर गोजाबाई मधेच नुसतं "ईनबाय, ईनबाय" म्हणत मान हलवायची आणि कमळबाई खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसायची. संघरत्ना आईकडे पाठ करून बसली होती. पांडू सगळ्यांत मागे, उलट्या बाकावर. आता सांगितलं तर काय होईल? मुलगी यानं बरी होणार नाही. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काय ते बघतील. न सांगता बरी झाली तर? या विचाराची त्याला शिसारी आली. तरी तो विचार जीप शहापूरच्या बाजारपेठेत शिरेपर्यंत त्याच्या मनात बसून राहिला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली.

"काय दिलंय?"

"घुटी," गोजाबाई म्हणाली.

"त्यात काय काय? जायफळ?"

"एक वेढा. आमी एकच देतो. पर ह्या बायनं..." तिने कमळबाईकडे बोट केलं.

"मी नाय दिली हो डॉक्टर," कमळबाई म्हणाली. ती रडत नव्हती आता. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "पर दिली असंल म्हणा. माझं नाव घाला. पोरीला वाचवा."

डॉक्टर वैतागले. "बाई, मला नाव नकोय. किती दिलं आणि कधी दिलं, एवढं हवंय. एका वेढ्याने मूल असं होत नाही. जास्त दिलं असेल तर मला तेवढा वेळ लक्ष ठेवावं लागेल. कोणाला माहीत आहे?"

पंखा तेवढा करकरत होता.

"सात," पांडू म्हणाला.

तो दारात उभा होता, त्यामुळे सगळ्यांना मागे वळून बघावं लागलं.

"सात वेढे. मी दिले. साडेनवाला. रडत होती म्हणून. ईनबाईंनी काय नाय केलं. त्यांनी हात लावला नाय." एवढं बोलल्यावर त्याला वाटलं की संपलं, पण अजून राहिलं होतं. "साडेअकराला मला समजलं होतं की ती बरोबर नाय. मी बोललो नाय."

गोजाबाईने कपाळावर हात मारला, आवाज झाला. संघरत्ना त्याच्याकडे बघत होती. पांडूला वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल. तिने तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे साडेचार तास झाले. अजून श्वास चालू आहे हे चांगलं." त्यांनी बारीक सुई लावली, साखरेचं पाणी सुरू केलं. "अशा वेळी श्वास मंद होतो. आत्ता मिनिटाला बावीस आहे. चाळीसच्या आसपास हवा. दर दहा मिनिटांनी कोणीतरी मोजायचा आणि कागदावर लिहायचा. वीसच्या खाली गेला तर लगेच हाक मारा. बाहेर पेशंट आहेत, मी इथेच आहे. घड्याळ कोणाकडे आहे?"

घड्याळ एकट्या पांडूकडे होतं. शाळेतून निवृत्त होताना मास्तरांनी दिलेलं. त्याने मनगट पुढे केलं. संघरत्नाने पट्टा सोडला, घड्याळ घेतलं आणि कॉटशी बसली. तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

बाकावर कमळबाई आधीच होती. दोघांच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"ईनबाई," पांडू म्हणाला, "जीपमधी सांगायचं होतं."

"मग का नाय सांगितलं?"

"भ्यालो."

कमळबाईने पदर सावरला. मग म्हणाली, "मी पन तुमच्यावरच संशय घेतला होता. नदीवरून आले तवाच. बापई मानूस, पोर दोन तास गप. इचारावं असं मनात आलं. पर इचारलं तर तुमची गोजाबाय म्हणेल, आल्या लुडबुड करायला." तिने नाक पुसलं. "मी बी भ्याले."

आतून संघरत्नाचा आवाज येत होता, पुटपुटत मोजण्याचा. पंधरा. सोळा. थांबली. परत एकपासून. पांडू ते ऐकत होता. ती मधेच चुकत होती. मुलीचा श्वास अडखळला की तिचाही आकडा अडखळत होता. परत एकपासून. परत. मग आवाज बंद झाला.

"आबा."

तो उठला आणि दारात थांबला.

"माझं चुकतंय. मला दिसत नाय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि घड्याळ तिने त्याच्याकडे धरलं होतं, तोंड मात्र दुसरीकडेच होतं. "तुमी मोजा."

पांडू कॉटशी बसला. पांढरा दोरा वर गेला. एक. खाली आला. दोरा वर गेला. दोन. त्याने तीस वर्षं घंटेचे टोल मोजले होते आणि एकदाही चुकला नव्हता, अशी त्याची एकमेव फुशारकी होती, आणि आज सकाळीही तो मोजायला चुकला नव्हता. सात म्हणजे सातच होते. तेवीस. त्याने कागदावर लिहिलं. दहा मिनिटांनी एकवीस. गोजाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. संघरत्ना भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. दहा मिनिटांनी एकवीस. पांडूचं बोट कागदावरच राहिलं. आणखी दहा मिनिटांनी चोवीस. त्याने दोनदा मोजलं, चोवीसच. मग सव्वीस. एकतीस.

पावणेपाचला मनालीने ओठ काढला. आधी आवाज आला नाही, नुसता ओठ. मग घोगरा, कोरडा, बारीक आवाज आला, आणि मग सकाळच्यासारखा, ताठ होऊन, हात हवेत मारत. संघरत्नाने तिला सुईसकट उचलून पदराखाली घेतलं. बाहेरून डॉक्टर आत आले आणि हसले. "ओरडू द्या, आज जितकी ओरडेल तितकं चांगलं."

गोजाबाई आणि कमळबाई दाराशी एकमेकींना लागून उभ्या होत्या. "ईनबाय," गोजाबाई म्हणाली, आणि पुढचं तिला येईना. "असू द्या," कमळबाई म्हणाली. "दोघींच्या पन मुळ्या उद्या चुलीत घालू."

त्या रात्री तिथेच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर पांडू ओट्यावर बसला तो आत गेलाच नाही. पुस्तक हातात नव्हतं. गोजाबाई विहिरीवर गेली होती, कमळबाई सतीशसोबत थांब्यावर, धसईची गाडी धरायला. जाताना तिने पांडूला एवढंच म्हटलं, "येते व्याही. घुटी सोडून काय पन द्या तिला."

आत पाळण्यात मनाली कुरकुरली. मग रडायला लागली. पांडू उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. चुलीशी संघरत्ना तांदळाची भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात. तिने मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पाळण्यात मुलगी रडत होती.

"काय बघताय?" संघरत्ना म्हणाली. "उचला तिला."

त्याने उचलली. तिची मान त्याने तळहातात धरली, दोन्ही हातांनी, जरा जास्तच घट्ट. तो वळून ओट्याकडे निघाला.

"बाहेर नको, आबा." तव्यावर भाकरी टाकत ती म्हणाली. "हितं बसा. माझ्या डोळ्यासमोर."

पांडू चुलीपासून चार हातांवर पाटावर बसला. धूर डोळ्यांत जात होता. मनाली त्याच्या मांडीवर पाय झाडत रडत होती आणि संघरत्ना प्रत्येक भाकरीमागे एकदा वर बघत होती. तो हलला नाही.